सोमनाथचा झरा, भामरागडचा डोंगा आणि आपली पाण्याची भीती



गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सोमनाथला जायच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात दशम्या लाटता लाटता वाद झाला. लेक नववीत आहे. ती म्हणाली, "आई, मी कुंडात उतरणार हं." सासूबाई जपाची माळ ठेवून आत आल्या आणि म्हणाल्या, "अनगळ पाण्यात डुंबायचं? काहून? घरी पेलाभर पाणी गाळून प्यायचं आणि तिथे जाऊन अख्ख्या झऱ्यात लोळायचं, हा कुठला धर्म?" लेकीने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी तव्यावरची दशमी उलटली आणि गप्प बसले.

तेव्हा गप्प बसले, म्हणून आज लिहिते आहे. हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरातला नाही. सुट्टी आली की आपल्या मुलांना धबधबा हवा असतो, नाव हवी असते. आपण एक तर सरळ "नाही" म्हणतो, नाही तर "जा बाई" म्हणून मोकळ्या होतो. विचार करून "हो" किंवा "नाही" म्हणणाऱ्या मला फार कमी दिसल्या. मीही त्यांतली नव्हते.

आम्ही गडचांदूरचे. ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे जमिनीत चुनखडी आहे, म्हणून सिमेंटचे कारखाने आहेत, आणि कारखाने आहेत म्हणून धूळ आहे. गच्चीवर पापड वाळत घातले तर वर पातळ कापड अंथरावंच लागतं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गावाबाहेर अंमलनाला धरण आहे. पावसाळ्यात ते भरलं की सांडव्यावरून पाणी उतरतं आणि सगळा गाव तिकडे धावतो. माणिकगडच्या डोंगराकडून गार वारा आला की वाटतं, चला, कुठे तरी झाडांत, वाहत्या पाण्याजवळ जाऊन बसावं. ही ओढ खोटी नाही. धुळीत राहणाऱ्या माणसाला पाणी पाहायला आवडणारच.

आमच्याकडून शंभरेक किलोमीटरवर, मूल तालुक्यात सोमनाथ आहे. बाबा आमट्यांनी कुष्ठमुक्त लोकांना घेऊन उभी केलेली शेती आणि दरवर्षी तरुणांसाठी भरणारी श्रमसंस्कार छावणी यांमुळे ते नाव महाराष्ट्रभर पोहोचलं. त्याच सोमनाथला जंगलात महादेवाचं देऊळ आहे आणि खडकातून येणारा झरा आहे. पाणी वरून कोसळतं, खाली साचतं, लोक त्यात अंघोळ करतात. उन्हाळ्यात आजूबाजूचे नाले कोरडे पडतात, तरी इथे पाणी असतं. त्यामागे काही चमत्कार नाही. पावसाचं पाणी वरच्या जंगलात पालापाचोळ्यावर पडतं, सावकाश मुरतं, दगडांच्या भेगांतून महिनोन्‌महिने झिरपतं आणि इथे बाहेर येतं. वरचं जंगल हे त्या झऱ्याचं गाळणंही आहे आणि माठही. ते तुटलं की झरा आटतो.

आता वादाकडे येते. सासूबाईंचं म्हणणं मी आधी मांडते, कारण ते कच्चं नाही.

आपल्याकडे पाण्याचा विचार दोन पातळ्यांवर आहे. पाणी हेच ज्यांचं शरीर आहे ते अप्कायिक जीव, एकेंद्रिय. आणि पाण्यात हिंडणारे, डोळ्यांना दिसणारे-न दिसणारे त्रस जीव. म्हणून दुहेरी कापडातून गाळायचं. गाळलेलं पाणीसुद्धा ४८ मिनिटांपुरतंच, लवंग वगैरे घालून प्रासुक केलं तर सहा तास, नीट उकळलं तर २४ तास. आणि कापडावर जे उरलं ती जिवाणी, ती मोरीत नाही ओतायची. ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात हलक्या हाताने परत सोडायची. हे सगळं करणाऱ्या बाईला कुंडात हातपाय मारणारी नात पाहवत नाही, यात नवल काय?

शास्त्राचाही आधार आहे. श्रावकाच्या तीन गुणव्रतांत अनर्थदंडव्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडं तोडणं, आणि विनाकारण भटकणं व दुसऱ्याला भटकायला लावणं, हे सगळं त्यात येतं. मैत्रिणींनो, ही यादी आजच्या सहलीचं वर्णन वाटावी अशी आहे. पाणी उडवा, शेकोटी पेटवा, फांद्या मोडा, गाडीभर माणसं घेऊन हिंडा. मी ती पुन्हा वाचली तेव्हा मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

पण त्याच ठिकाणी एक शब्द आहे, त्यावर मी बरेच दिवस अडले. तो शब्द 'विफल'. फळ नसलेलं, कारण नसलेलं. आचार्यांनी गृहस्थाला "पाण्याला शिवू नकोस" असं म्हटलेलं नाही. "विनाकारण" असं म्हटलं आहे. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची असते. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा त्याच्या जगण्यात येतेच, ती जितकी कमी होईल तितकी करायची असते. तेव्हा प्रश्न असा उरतो: मुलीने पाण्यात उतरणं विफल आहे का?

इथे मला माझ्या लहानपणाची एक दुपार सांगायला हवी. माहेरी आमच्या आळीत एक सार्वजनिक विहीर होती. पायऱ्यांची, शेवाळलेली. मी दहा वर्षांची असेन. शेजारची एक मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, कळशी बुडवताना घसरली. विहिरीवर तेव्हा सहा-सात बायका होत्या. एकीलाही पोहता येत नव्हतं. सगळ्या ओरडल्या. एक जण पुरुषमाणसाला बोलवायला धावली. मी काठावर उभी राहून त्या मुलीची वेणी पाण्यावर दिसते, दिसत नाही, हे पाहत होते. कोणीतरी येईपर्यंत उशीर झाला होता. त्या बायका वाईट नव्हत्या. कित्येक जणी रोज पाणी गाळणाऱ्या, मुंगीला पाय न लावणाऱ्या होत्या. त्यांच्या हातात दया होती, पण ती त्या मुलीपर्यंत पोहोचवायची कशी हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

यानंतर आमच्या घरात मुलींना पाण्याजवळ जायलाच बंदी झाली. पोहायला शिकवू या, असं कोणालाच सुचलं नाही. मुलगे मात्र त्याच वर्षी नदीवर जाऊन शिकले. ही गोष्ट मला आता खटकते. सासरीही तेच. माझ्या यजमानांना पोहता येतं, दिरांना येतं, मामंजींना येत होतं. ते अंमलनाल्यावर पोहून आले की घरात कोणी अप्कायिक जीवांची आठवण काढल्याचं मला स्मरत नाही. ती आठवण येते ती मुलीने विचारल्यावर. मग मी स्वतःला विचारलं, आपलं खरं कारण जीवदया आहे, की ओल्या कपड्यांतल्या मुलीकडे लोक पाहतील ही धास्ती? धास्ती असेल तर ती धास्ती म्हणून बोलावी. धर्माच्या नावावर घालू नये. धर्माचा नियम असेल तर तो मुलालाही लागतो.

आता डोंग्याची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही आलापल्लीला एका नातलगांकडे गेलो होतो. तिथून सागाच्या जंगलातून भामरागडला गेलो. वाटेत हेमलकसा लागतं. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प तिथे १९७३ पासून आहे, तो पाहिला. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या मिळतात. पलीकडे छत्तीसगड. तिथे पाणी शांत, हिरवं, दोन्ही काठांना झाडी, आणि त्यात डोंगे. डोंगा म्हणजे अखंड खोड कोरून केलेली अरुंद नाव. त्यात बाकडं नाही, पाठ टेकायला काही नाही. तळाशीच बसायचं, मधोमध, आणि हलायचं नाही.

आम्ही चौघी बसलो: सासूबाई, जाऊबाई, मी आणि लेक. वल्हवणारा माडिया गृहस्थ काठावरून ढकलून चढला. डोंगा इतका खाली होता की हात सोडला तर बोटं पाण्याला लागत होती. जंगलाचा आवाज होता आणि वल्ह्याचा. मला आठवतं, सासूबाईंनी डोळे मिटून णमोकार म्हटला, मग उघडले आणि परत मिटलेच नाहीत. एवढं पाहण्यासारखं होतं. मध्यावर आल्यावर लेकीने विचारलं, "काका, उलटला तर?" तो हसला. म्हणाला, "डोंगा धरून राहायचा, सोडायचा नाही. लाकूड बुडत नाही. पोहता येतं ना?" आम्ही चौघी एकमेकींकडे पाहू लागलो. त्याची आठ वर्षांची पोर काठाजवळ पाण्यात उड्या मारत होती. ज्या पोरीकडे आम्ही "बिचारी" म्हणून पाहिलं होतं तिला जे येत होतं, ते आम्हा शिकलेल्या चौघींना येत नव्हतं.

आमच्यासाठी तो डोंगा म्हणजे सहल. तिथल्या माणसांसाठी तो रस्ता आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. बाजार, दवाखाना, शेत, सगळं पाण्यापलीकडे. आणि २०२४ च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातच, चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ, वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बाया होत्या. सहा जणी बुडाल्या. मी ती बातमी वाचली तेव्हा हातात मिरच्यांची देठं काढायचं काम होतं. परडी बाजूला ठेवली. त्या दिवशी मला पुन्हा विहिरीवरची वेणी दिसली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांत मुलं व तरुण फार. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला. उपाय काय सांगतात? काही मोठं यंत्र नाही. सहा वर्षांवरच्या मुलांना पोहायला आणि पाण्यात सुरक्षित राहायला शिकवा, विहिरी-तळ्यांना कठडे घाला, नावेत जॅकेट घाला, बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते लोकांना शिकवा.

म्हणून माझं मत सांगते. ज्या शिकण्याने जीव वाचतो, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा, ते शिकणं विफल नाही. मुलीने पोहायला शिकणं ही प्रमादचर्या नाही. ती आरंभी हिंसा आहे, हे मी नाकारत नाही. तरणतलावातल्या पाण्यात क्लोरीन असतं, तेही जीव मारतं. "तलावात पोहलं की दोष नाही" अशी पळवाट मला काढायची नाही. पण शेती करताना, स्वयंपाक करताना, घर बांधताना आपण जशी ती पत्करतो आणि कमी करतो, तशीच इथेही पत्करावी आणि कमी करावी. शिकून झालं की रोज तासभर डुंबत बसायची गरज नाही. कला हातात राहिली म्हणजे झालं.

त्या उन्हाळ्यात मी लेकीला महिनाभर चंद्रपूरला मावशीकडे ठेवलं आणि पोहायला घातलं. पूर्ण बाह्यांचा, पायांपर्यंतचा पोशाख मिळतो, तो घेतला. बायकांची वेगळी वेळ होती. खर्च झाला, दोन जणींचे टोमणेही ऐकले. पण महिन्याने पोर तरंगायला शिकली. आणि तिच्याबरोबर काठावर बसून मीही काही शिकले. ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

चार फूट खोल पाणी वरून पाहिलं तर तीनच फूट वाटतं, म्हणून "एवढंसंच तर आहे" असं म्हणून मुलांना सोडू नका. झऱ्याच्या कुंडात तळ सपाट नसतो. पाणी कोसळतं तिथे खड्डा पडलेला असतो. शेवाळावर रबरी चप्पल जास्त घसरते. सुती साडी भिजली की दगडासारखी जड होते आणि पायांना गुंडाळते. कोणी बुडताना दिसलं तर पोहता येत असलं तरी एकदम उडी घ्यायची नाही. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली ओढतो. आधी काठावरून ओढणी, साडी, दोर, बांबू, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते फेकायचं आणि आपण आडवं पडून धरायचं. हे विहिरीवरच्या त्या बायकांना ठाऊक असतं तर? त्यांच्याकडे दोर होता, मैत्रिणींनो. कळशीला बांधलेला.

आता जायचंच असेल तर कसं जावं, याबद्दल. मला एक गोष्ट जाणवली: आपले जुने नियम पाळले तर जंगलातली सहल आपोआप बरी होते. ते नियम या कारणासाठी केले असं मी म्हणत नाही. ते जीवदयेसाठी आणि संयमासाठी आहेत. पण ते इथे कामाला येतात.

चातुर्मासात हिंडणं कमी करायचं. आणि धबधबे, नद्या सर्वांत धोक्याच्या असतात त्या त्याच चार महिन्यांत. दूर कुठे तरी पाऊस पडतो आणि इथे अचानक लोंढा येतो. म्हणून आमच्या घरी ठरलं, पाण्याच्या ठिकाणी जायचं ते दिवाळीनंतरच. पर्युषण, अष्टमी, चतुर्दशी सोडून. दुसरं, रात्रीभोजन नाही. म्हणजे सूर्यास्ताच्या आत डबे संपवून निघायचं. मूल, सावली, सिंदेवाही हा वाघांचा पट्टा आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेल्या बायांवर तिथे हल्ले होतात. अंधार पडेपर्यंत जंगलात बसणं हा तिथे शौर्याचा विषय नाही. तिसरं, बाहेरचं खायचं नाही. मग वेष्टनांचा कचराच होत नाही. दशम्या, कोरडी चटणी, चिवडा, गुळाच्या वड्या, सगळं स्टीलच्या डब्यांत. आणि चौथं, मौन. सामायिकासारखं नको, पण निदान मोठा स्पीकर नको. झऱ्याजवळ पक्षी पाणी प्यायला येतात. आपण गाणी लावली की ते उपाशी नव्हे तर तहानलेले परत जातात.

त्यात माझी भर एवढीच: साबण, शाम्पू, उटणं, तेल काहीही अंगाला लावून झऱ्यात उतरायचं नाही. सोमनाथला खडकाच्या खोबणीत शाम्पूच्या पुड्या अडकलेल्या मी पाहिल्या. गाळण्याचा इतका विचार करणाऱ्या आपण, पाण्यात फेस सोडला तर त्यातले त्रस जीव किती तडफडत असतील याचा विचार करायला नको? माझ्या मते पोरीने स्वच्छ अंगाने दहा मिनिटं पाण्यात उभं राहणं यात कमी दोष आहे. काठावर बसून साबणाने कपडे धुणाऱ्या, स्वतः पाण्यात न उतरलेल्या बाईचा दोष त्याहून मोठा. आणि नावेत बसाल तर जॅकेट मागा. नसेल तर बसू नका. वल्हवणाऱ्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपली सहल त्याच्या कष्टावर चालते.

"जायचंच कशाला?" असं सासूबाईंसारखं कोणी विचारेल. योग्य प्रश्न आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं, आपण मुक्तागिरीला जातो. ५२ मंदिरं, आणि मधून कोसळणारा धबधबा. तिथे पाण्यासमोर उभं राहिलं की मन आपोआप निवतं, हे तुम्हीच सांगता. आपले मुनी डोंगरांत, नदीकाठी ध्यानाला बसत ते उगीच नाही. आणि तीर्थ हा शब्दच मुळी नदीचा आहे. जिथून पार उतरता येतं तो उतार म्हणजे तीर्थ. तो बांधून देणारे ते तीर्थंकर. ज्यांच्या धर्माचा मुख्य शब्द पार होण्याचा, त्यांच्या मुलींनी पाण्याला घाबरून काठावर पिशव्या राखत बसावं, हे मला जुळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "शब्दांत मला गुंतवू नको." तेही खरं. भवसागर पोहून पार होत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

शेवटी त्या दिवशी काय झालं ते सांगते, म्हणजे वाद अर्धवट राहायला नको.

सोमनाथला पोहोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मुलगे, पुरुष पाण्यात होते. बायका दगडांवर मोबाइल, घड्याळं, टॉवेल सांभाळत बसलेल्या. लेक माझ्याकडे पाहत होती. मी तिला म्हटलं, "आजीला विचार." आजी काही बोलल्या नाहीत. आम्ही पुढे सरकून जिथे कोणी नव्हतं तिथे बसलो, जेवलो. पिण्याचं पाणी घरून उकळून नेलं होतं. डबे विसळायला मात्र झऱ्याचं घ्यावं लागलं. सासूबाईंनी पिशवीतून पांढरं दुहेरी कापड काढलं, पातेल्यावर लावलं आणि पाणी गाळलं. आजूबाजूचे लोक पाहत होते. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मग जिवाणी. कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानेच धुऊन ती वाटीत घेतली, पण सोडायची कुठे? काठावरून फेकायची नाही. पाणी जिथून घेतलं तिथे, पाण्याच्या पातळीशी वाटी टेकवून सोडायची. आणि पाणी घेतलं होतं ते यजमानांनी आत जाऊन, कमरेएवढ्या पाण्यातून. ते आता गाडीकडे गेले होते. सासूबाई वाटी हातात धरून उभ्या. खडक निसरडा. मी पुढे होणार, तर त्यांनी मला अडवलं. "तुला कुठे येतं," म्हणाल्या. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "तू जा. हळू. पाणी हलवू नको फार. वाटी बुडवून मग तिरपी कर."

लेक उतरली. ओढणीचं टोक मी धरलं होतं, दुसरं तिच्या कमरेला. पायाने चाचपत, एकेक दगड तपासत ती आत गेली. कमरेएवढ्या पाण्यात वाटी टेकवली आणि सावकाश तिरपी केली. परत वळताना क्षणभर तिने पाय उचलले आणि पाण्यावर आडवी झाली. आवाज न करता, पाणी न उडवता. सासूबाई पाहत होत्या. मला वाटलं, आता रागावतील.

त्या म्हणाल्या, "तरंगते की गं ही."

घरी आल्यावर त्यांनी प्रतिक्रमण केलं, आणि लेकीलाही शेजारी बसवलं. मला ते दोन्ही योग्य वाटलं. पाण्यात उतरणंही, आणि उतरल्याचा हिशेब देणंही. तुमच्या घरी हिशेब वेगळा निघेल. निघू द्या. फक्त तो मुलगा आणि मुलगी दोघांसाठी एकच असू द्या, आणि या उन्हाळ्यात तुमच्या लेकींना पोहायला घाला. शक्य झालं तर त्यांच्याबरोबर तुम्हीही. यंदा चंद्रपूरला मावशीकडे महिनाभर राहायला मी स्वतः जाते आहे. वय ४३. बघू या.